फक्त कापडाचे पैसे

माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. तारीख, सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ आणि किती ओळी झाल्या, एवढेच चार रकाने. ऑफिसशी तिचा काही संबंध नाही. मी गोधडी शिवतो, त्याची ती नोंद आहे. पहिल्या गोधडीची बेरीज ११२ तास ४० मिनिटं आली. हा आकडा मी बरेच दिवस लोकांना अभिमानाने सांगत होतो. आता सांगताना जरा अडखळायला होतं. का, ते सांगतो.

२०२१ मध्ये ऑफिस घरून चालू होतं, तेव्हा मी पुण्यातली खोली सोडून सातारा जिल्ह्यात, गावी राहत होतो. आजी आदल्या वर्षी गेली होती. तिची लुगडी ट्रंकेत होती. आईला ती कुणाला देववत नव्हती आणि नुसती ठेवूनही द्यायची नव्हती. आमच्या गल्लीत आईची एक मैत्रीण आहे, मी तिला लहानपणापासून मावशी म्हणतो. ती गोधड्या शिवून देते, पैसे घेऊन. आई म्हणाली, तिच्याकडे देऊ. मी म्हणालो, मला शिकव म्हणावं, मी शिवतो. मावशी आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, ‘‘ये उद्या. सुई तुझी तू आण.’’

पडवीत सतरंजी टाकायची, त्यावर खालचं लुगडं ताणून अंथरायचं. चार कोपऱ्यांवर वजन. आमच्याकडे दोन विटा, एक वरवंटा आणि माझं कॉलेजच्या काळातलं डंबेल. मधे जुन्या सुती साड्यांचे थर. (नायलॉनची घालायची नाही, ती आतल्या आत सरकते आणि वर्षभरात गोधडीच्या गाठी होतात.) वर पुन्हा चांगलं लुगडं. मोठे कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरून ठेवायचं आणि मग काठापासून धावदोरा सुरू. चौकोनाच्या आत चौकोन, त्याच्या आत आणखी चौकोन, असं मध्यापर्यंत. कोपरा आला की बहुतेक जणी काटकोनात वळतात. मावशी दोन टाके तिरके घेते आणि मग वळते. ‘‘कापड वढलं जात न्हाई,’’ हे तिचं कारण. मी तेच शिकलो.

या कामात काय आवडलं, हे मला नीट सांगता येतं. दिवसभर मी जे करतो ते कधी संपत नाही. एक बग मिटवला की दुसरा येतो. दोन वर्षांपूर्वी लिहिलेला कोड आज कुणीतरी पुसून टाकलेला असतो आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही, मलासुद्धा. इथे मात्र काल घातलेली ओळ आज तिथेच असते. वाकडी असेल तर वाकडीच असते. रात्री साडेनऊच्या कॉलनंतर मी सुई घेऊन बसायचो आणि अर्ध्या तासात डोकं निवळायचं.

असल्या वादांमध्ये मला पूर्वी रस नव्हता, पण याच दिवसांत मी गांधी आणि टागोर यांच्यातल्या चरख्याच्या वादाबद्दल वाचलं. १९२४ मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात ठरलं होतं की सभासदाने वर्गणी म्हणून महिन्याला २००० वार सूत द्यायचं. पुढच्या वर्षी टागोरांनी चरख्याच्या या पंथावर लेख लिहिला. त्यांचा एक मुद्दा असा की तीच ती हालचाल करत राहण्याने मन बधिर होतं. मला तेव्हा वाटलं होतं, टागोरांनी कधी सुई धरलेली दिसत नाही. तीच ती हालचालच तर मला शांत करत होती!

आता वाटतं, त्या शांततेला माझ्या बाबतीत एक दार होतं. कंटाळा आला की मी उठू शकत होतो. आठ दिवस गोधडी तशीच पडून राहिली तरी काही बिघडत नव्हतं. मावशीला बाराशाच्या आत गोधडी द्यायची असते. तिचा डावा खांदा धरलेला असतो, डोळ्यांतून पाणी येत असतं, आणि तरी दिवे गेले की ती ओट्यावर येऊन उरलेल्या उजेडात चार ओळी उरकते. टाका तोच. पण मला तो आराम वाटतो आणि तिला ते काम वाटतं, हा फरक टाक्यात नाही, आमच्या दोघांच्या बँकेच्या पासबुकात आहे.

हे मला आपणहून सुचलेलं नाही. ते असं झालं.

पुण्यात परत आल्यावर २०२३ मध्ये टीममधल्या एका मैत्रिणीने माझ्या सोफ्यावरची गोधडी पाहिली आणि भाच्यासाठी एक लहान गोधडी मागितली. मी तीस तास घालून ती शिवली. पैसे किती, विचारल्यावर मी म्हणालो, ‘‘अगं पैसे कसले, फक्त कापडाचे आणि दोऱ्याचे दे.’’ साडेतीनशे रुपये. हे म्हणताना फार छान वाटलं होतं. तिने फोटो टाकला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फिरला. कुणी म्हणालं इन्स्टा पेज काढ, कुणी म्हणालं स्टार्टअप कर. (आपल्याकडे कुणाला काही बऱ्यापैकी करता आलं की पुढचं वाक्य हेच असतं.) मी ठामपणे म्हणालो, छे, हा धंदा नाही, छंद आहे. आणि चार जणांना साडेतीनशे रुपयांत बाळाची गोधडी देण्याचं कबूल केलं.

यात एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंना मावशीचा नंबर मीच दिला होता. गेली दोन वर्षं त्या बारशाला द्यायला मावशीकडून गोधड्या मागवत होत्या आणि त्यांच्यामुळे आणखी दोन-तीन घरं जोडली गेली होती. मावशी बाळाच्या गोधडीचे नऊशे रुपये घेते.

त्या दिवाळीत गावी गेलो. मावशीकडे फराळाला गेलो तर तिने फोन पुढे केला. काकूंनी फोटो पाठवला होता आणि खाली विचारलं होतं की इकडे एक मुलगा साडेतीनशेत देतो, तुम्ही नऊशे कसे घेता?

‘‘कोपरा बघितला अन् वळखलं,’’ मावशी म्हणाली. ‘‘माझाच टाका हाय.’’

मी काहीतरी बोलायला गेलो. ती चिवडा वाढत म्हणाली, ‘‘तुला पगार हाय न्हवं?’’

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. पुण्यात काही बिनसलंय का, नोकरी गेली का, म्हणून तर पोरगा साडेतीनशेला गोधडी शिवत नाही ना, अशी काळजी होती त्या प्रश्नात. मी म्हणालो, आहे. मग ती गप्प बसली. थोड्या वेळाने आईशी बोलावं तसं म्हणाली, एका बाळाच्या गोधडीत एक सिलिंडर निघतो. या वर्षी पुण्याचे चार गेले.

मी मनातल्या मनात वकिली सुरू केली. मशीनवर शिवलेल्या रजया ऑनलाइन मिळतात, त्यांनी तर मावशीचा धंदा माझ्यापेक्षा जास्त खाल्ला असेल. शिवाय मी ओपन सोर्स प्रोजेक्टला फुकट कोड देतो, तेव्हा कुणी म्हणत नाही की तू दुसऱ्याचा पगार खातोस. पण ही दोन्ही कारणं फार वेळ टिकली नाहीत. ज्याला मशीनची रजई हवी असते तो मावशीकडे येतच नाही. तिची गिऱ्हाइकं मोजकी आहेत, हाताचीच गोधडी हवी असणारी, आणि मी नेमका तिथे जाऊन बसलो. कोडची प्रत काढायला काही लागत नाही, एकाने दिलेला कोड हजार जण वापरतात आणि त्यावर आपलं पोटही भरतात. गोधडी एकाच पाळण्यात जाते. ती माझी गेली की मावशीची जात नाही.

एका मित्राने तिसराच मुद्दा काढला. मग उद्या घरी स्वयंपाक करू नकोस, खानावळवाल्याचं नुकसान होतं! पण मला घरच्या स्वयंपाकाचा प्रश्न पडलेलाच नाही. आजीच्या लुगड्यांची गोधडी मी शिवली, ती मी पांघरतो, यात कुणाचं काही गेलं नाही. मैत्रिणीच्या भाच्याला दिली तीही भेट म्हणून दिली असती तर चाललं असतं, असं मला वाटतं. घोटाळा त्या साडेतीनशेने झाला. फुकट दिलेल्या वस्तूला लोक भेट समजतात. साडेतीनशेला दर समजतात. आणि तो दर सांगतो की तीस तासांची किंमत शून्य आहे.

मी ते तास शून्य का धरले? उदारपणाने, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं असं की मला पैशांची गरज नव्हती, पण ‘अय्या, तू शिवलंस?’ हे ऐकण्याची फार होती. स्वस्त ठेवलं की जास्त लोक मागतात आणि जास्त वेळा ते ऐकायला मिळतं. माझी मजुरी मी त्या रूपात पुरेपूर वसूल करत होतो. मावशीला कुणी अय्या म्हणत नाही. तिला नऊशे मिळतात, तेही कुरकुरत.

त्या चरख्याच्या वादाचा पुढचा भाग मला नंतर कळला, आणि मला तो बेळगावच्या ठरावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. १९३५ मध्ये गांधींनी आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, आठ तासांचे आठ आणे. खादी महाग होईल, खप पडेल, अशी भीती खादीच्याच कार्यकर्त्यांना वाटली. म्हणजे ज्या चळवळीत सुशिक्षित लोक हौसेने, निष्ठेने सूत कातत होते, तिच्यात दहा वर्षांनी हा प्रश्न उभा राहिला की जी पोटासाठी कातते तिचं काय. तो माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही उभा राहिला, फक्त मला दिसला नाही.

दिवाळीच्या शेवटच्या दिवशी मी मावशीकडे पुन्हा गेलो. राहिलेल्या ऑर्डरी रद्द करतो, इथून पुढे कुणाला विकणार नाही, असं सगळं पाठ करून गेलो होतो. तिने ऐकून घेतलं आणि वैतागली.

‘‘का म्हून? हात बसलाय तुझा. तू पंधराशे लाव की. शेरातला इंजिनेर पंधराशे घेतो म्हटल्यावर माझ्या नऊशेला कोण नाक मुरडंल? मग मी बी बाराशे करते.’’

मला हे सुचलंच नव्हतं. मी माघार घ्यायच्या तयारीत होतो, कारण माघार घेतली की आपण चांगले ठरतो आणि काही मागावं लागत नाही. दरवर्षी अप्रेझलच्या मीटिंगमध्ये मी पगारवाढ मागतो, मार्केट रेट काय चाललाय ते स्लाइड करून दाखवतो, आवाज जराही कापत नाही. पण गोधडीचे पंधराशे? तोंडातून आकडा निघेना. हाताने केलेल्या कामाचे पूर्ण पैसे मागायची लाज मला कुणी आणि कधी शिकवली, मला ठाऊक नाही. आजी आयुष्यभर शिवत होती, तिने कधी कुणाकडे पैसे घेतले नाहीत आणि आम्ही कधी विचारलं नाही. कदाचित तिथूनच आली असेल.

पुण्याला आल्यावर कबूल केलेल्या चार गोधड्या मी मावशीकडून नऊशेला करवून घेतल्या आणि वरचे साडेपाचशे मी भरले. हा उपाय नव्हता, दंड होता. मग ग्रुपवर लिहिलं : बाळाची गोधडी, हाताची, माझी १५०० रुपये, गावच्या मावशींची १२००. त्यांची माझ्यापेक्षा चांगली असते. खाली माझ्या एक्सेल शीटचा फोटो लावला, तीस तासांचा.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग दोन अंगठे आले. मग चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा मेसेज आला, ‘थोडं कमी होईल का?’

मी सुई कापडात खोचून ठेवली आणि ‘नाही काकू’ असं टाइप केलं. पाठवायला जरा वेळ लागला.