जगाचा ओघ कोण वळवितो?

अमुक एक पुरुष जन्मास आला नसता तर आजचे जग असेच असते काय, हा प्रश्न शिकलेल्या लोकांत फार दिवसांपासून चालत आलेला आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या हाती थोर पुरुषांच्या नामावळ्या येतात. त्यांत अलेक्झांडर असतो, चंगीझखान असतो, न्यूटन असतो, नेपोलियन असतो. १९७८ साली मायकेल हार्ट नामक अमेरिकन गृहस्थाने जगावर सर्वांत अधिक परिणाम करणाऱ्या शंभर जणांचा अनुक्रम लावून एक पुस्तकच छापले, आणि कोण वर असावा व कोण खाली, ह्यावर पुष्कळ वाद माजला. धर्मसंस्थापकांची गोष्ट निराळी आहे व ती एका लेखात उरकावयाची नव्हे. म्हणून येथे आम्ही केवळ ऐहिक क्षेत्रातील माणसांचा, म्हणजे राजे, सेनापती, शास्त्रज्ञ व ग्रंथकार ह्यांचाच विचार करितो.

कोणी म्हणेल, असल्या विद्वानांच्या वादाशी शेतात राबणाऱ्या वाचकास काय करावयाचे आहे? आमच्या मते पुष्कळ करावयाचे आहे. अशी नामावळी पाठ करणारे मूल नकळत आणखी एक धडा शिकते, तो असा की, जगाचा गाडा हाकणारे दहावीस जण असतात व बाकीचे सर्व जुंपले जाण्यासाठी जन्मतात. हा धडा ज्याच्या मनात एकदा मुरला त्यास आपल्या होकाराची व नकाराची काही किंमत वाटेनाशी होते. पाटलाने सांगितले, सावकाराने सांगितले, चार जणांनी सांगितले, आता आपण एकट्याने नाही म्हणून काय होणार, हे शब्द कोणत्या गावात ऐकू येत नाहीत?

विद्वानांतही ह्याविषयी दोन तट आहेत. टॉमस कार्लाईल ह्याने १८४० साली लंडन येथे व्याख्याने देऊन असे प्रतिपादन केले की, इतिहास घडतो तो थोर पुरुषांच्या करणीने. इतर लोक त्यांच्या मागून जातात. उलटपक्षी रशियातील काउंट टॉल्स्टॉय ह्याने नेपोलियनाच्या १८१२ सालच्या स्वारीवर मोठी कादंबरी लिहून असे दाखविण्याचा यत्न केला की, सेनापतीस आपण हुकूम सोडतो असे वाटते खरे, परंतु लक्षावधी सामान्य माणसांच्या बारीकसारीक कृत्यांचा लोंढाच त्यास वाहून नेत असतो. दोघेही मोठे लेखक होते. तथापि त्यांचा तंटा तोडावयास पॅरिस किंवा मॉस्को गाठण्याचे कारण नाही. पुण्याहून नगरच्या रस्त्याने निघाले म्हणजे कोरेगाव भीमा लागते, व तेथून जवळच शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव आहे. ह्या गावात छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे.

हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. तरी विषयास अवश्य तेवढी सांगतो. औरंगजेब बादशहा १६८१ साली उत्तर हिंदुस्थान सोडून दक्षिणेकडे निघाला. १६८६ साली त्याने विजापूर घेतले व १६८७ साली गोवळकोंडे. उरले होते एक मराठ्यांचे राज्य. १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने संभाजी महाराज व त्यांचे स्नेही कवी कलश ह्यांस पकडले. त्यांस भीमेच्या काठी पेडगावच्या बहादुरगडावर बादशहाच्या छावणीत आणून त्यांची धिंड काढण्यात आली. खजिना कोठे आहे, आमच्या सरदारांपैकी तुम्हांस कोण फितूर आहे, असे त्यांस विचारण्यात आले, असे मोगलांच्या बाजूचे लेखक लिहितात. धर्म सोडल्यास जीवदान देऊ अशी अट घातली, असे मराठी परंपरा सांगते. मागणे कोणतेही असो, उत्तर नकाराचे होते, ह्याविषयी दुमत नाही. पुष्कळ दिवस हालहाल करून, भीमा, भामा व इंद्रायणी ह्यांच्या संगमावर तुळापूर येथे ११ मार्च १६८९ रोजी त्यांचा वध करण्यात आला. तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

हा पुरुष निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. १६७८ च्या अखेरीस वडिलांशी बिघाड होऊन तो दिलेरखान मोगलास जाऊन मिळाला होता. आणि गादीवर आल्यावर १६८१ साली अण्णाजी दत्तो प्रभृती जुन्या कारभाऱ्यांस त्याने देहदंड दिला. उलट, त्याच्या मरणानंतर सुमारे १२० वर्षांनी मल्हार रामराव चिटणिसाने लिहिलेल्या बखरीने त्याचे जे काळेकुट्ट चित्र रंगविले, त्यातील पुष्कळ भाग वा. सी. बेंद्रे ह्यांनी १९६० साली व कमल गोखले ह्यांनी १९७१ साली मूळ कागदपत्रे तपासून खोडून काढिला. मनुष्याच्या नावावर इतका डाग बसावा आणि तो पुसावयास दीडशे वर्षे लागावीत, हेही नामावळ्या करणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता बादशहाचा हिशेब पाहा. कार्लाईल जन्मण्यापूर्वी शंभरावर वर्षे तो कार्लाईलचाच शिष्य होता! राज्य म्हणजे राजा. मस्तक तोडले की धड पडलेच पाहिजे, असे त्याने धरिले. आणि काही महिने तसेच झाल्यासारखे दिसले. नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडला. राणी येसूबाई व बाल शाहू कैद झाले. राजाराम महाराज निसटून दूर मद्रासेकडील जिंजीच्या किल्ल्यात जाऊन राहिले. राजधानी नाही, खजिना नाही, आणि राजा शेकडो कोस दूर, अशी दशा झाली. परंतु ज्याचे मस्तक तोडले होते ते राज्य पडले नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी इकडचा कारभार धरिला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव ह्यांनी बादशाही फौजांस स्वस्थ झोप येऊ दिली नाही. १६९७ साली संताजी मारला गेला, १७०० साली राजाराम महाराज वारले, तरी लढाई थांबली नाही. पंचविशीतील विधवा ताराबाईने ती पुढे सात वर्षे चालविली. अखेर १७०७ साली अहमदनगरजवळ भिंगार येथे, ८८ वर्षांचा होऊन, औरंगजेब मरण पावला. पंचवीस वर्षे तो दक्षिणेत होता. दिल्लीचे तोंड त्यास पुन्हा दिसले नाही.

ही अठरा वर्षे कोणी लढविली? सरदारांची नावे आपणांस माहीत आहेत. पण घोडा सरकारचा व जीव आपला असा जो बारगीर, रात्रीच्या वेळी गडावर दाणा पोहोचविणारा जो कुणबी, फौज कोणत्या वाटेने येते ती बातमी नेणारा जो गावकामगार, त्यांची नावे कोणत्याही नामावळीत नाहीत. एक तोडावा तर दुसरा उभा, अशा शत्रूपुढे बादशहाची विद्या चालेना.

म्हणजे टॉल्स्टॉय जिंकला काय? तसेही आम्हांस वाटत नाही. पेडगावच्या छावणीत त्या कैद्याने किल्ले स्वाधीन करितो असे लिहून दिले असते, चार नावे सांगून आपला प्राण वाचविला असता, तर पुढल्या अठरा वर्षांत इतक्या लोकांनी जी धडाडी दाखविली ती त्याच रीतीने दाखविली असती असे म्हणणे कठीण आहे. ज्याच्या हाती सत्ता उरली नव्हती, फौज उरली नव्हती, ज्यास केवळ एक नकार देता येत होता, त्याने तो दिला. आणि ज्यांस घरी बसून राहता येत होते त्यांनी तो नकार उचलून पुढे नेला. ह्यांतील एक गोष्ट काढून टाकिली तर दुसरी फुकट जाते. एकट्या थोर पुरुषाच्या चरित्रात हे मावत नाही, आणि ज्यास नाव नाही अशा लोंढ्याच्या हिशेबातही मावत नाही; कारण लोंढ्यास नकार देता येत नसतो.

येथे एक गोष्ट आडवी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. त्या लढ्यातील सर्वच जण निःस्वार्थी होते असे वाचकांनी समजू नये. कित्येक देशमुख आज मोगलांकडे तर उद्या मराठ्यांकडे असत, आणि त्यांस धरून ठेवण्यासाठी जिंजीच्या दरबारास वतनांचे कागद सढळ हाताने द्यावे लागले. शिवाजी महाराजांनी जी वतनांची हाव मोठ्या कष्टाने आवरिली होती तीच पुन्हा मोकळी सुटली, आणि पुढल्या शतकात सरदार आपापल्या मुलखाचे धनी होऊन बसले त्याचे बीज ह्याच काळातले आहे. चांगल्या कार्याच्या पोटीही असे घडते.

दुसरा प्रश्न योग्यतेचा आहे. परिणामच मोजावयाचा तर औरंगजेबाचे नाव नामावळीत घातलेच पाहिजे. त्याच्या हट्टापायी मोगल बादशाही आतून पोकळ झाली, मराठे पुढे १७५८ साली अटकेपर्यंत गेले, आणि कंपनी सरकारास हिंदुस्थान मिळविण्यासाठी मराठ्यांशी तीन युद्धे करावी लागली. इतका ओघ ज्याने वळविला तो लहान कसा? परंतु महापूरही नदीचे पात्र बदलतो. म्हणून कोणी महापुराचे उपकार मानीत नाही. परिणाम मोजणे एक व योग्यता पारखणे दुसरे, आणि शाळेतील नामावळ्या ह्या दोहोंची गल्लत करून मुलांच्या हाती देतात. जे मास्तर व उपदेशक मुलांस शिकवितात त्यांनी तरी ही गल्लत निवडून दाखवावी असे आमचे मागणे आहे.

योगायोग असा की, १६८९ सालच्या त्याच फेब्रुवारीत, इकडे संगमेश्वरास राजा कैद होत असता, हॉलंडातील अज्ञातवास संपवून एक अशक्त प्रकृतीचा इंग्रज पंडित समुद्रमार्गे मायदेशी परतत होता. त्याचे नाव जॉन लॉक. त्याच वर्षी त्याचे एक लहानसे पत्र लॅटिन भाषेत हॉलंडात छापले गेले. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: राजाची सत्ता मनुष्याच्या जीवितावर व मालमत्तेवर चालते, अंतःकरणावर चालत नाही, तलवारीने देह वाकेल, विश्वास उत्पन्न होणार नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांस अंतःकरणाच्या बाबतीत घरची व गावची जबरदस्ती सोसावी लागली त्यांस ह्या वाक्याचा अर्थ सांगावयास नको. लॉकही पूर्ण उदार नव्हता; नास्तिकांस त्याने ही मोकळीक दिली नाही. तथापि त्या विचाराचा वंश वाढत गेला, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात असलेल्या भारताच्या संविधानातील २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकास दिलेले आहे. ज्या बादशहाने १६७९ साली हिंदूंवर जिझिया पुन्हा बसविला त्याने हे पत्र कधी पाहिले नसेल. गंमत अशी की, त्या पत्रावर कर्त्याचे नाव छापलेले नव्हते. ते आपले आहे हे लॉकने १७०४ साली, मरणापूर्वी थोडे दिवस, मृत्युपत्राच्या पुरवणीत कबूल केले.

निनावी पत्राची ही गोष्ट आम्हांस पुन्हा वढूकडे घेऊन येते. तुळापुरास वध झाल्यावर बादशहाच्या भीतीने प्रेतास कोणी हात लावीना. तेव्हा वढूच्या गावकऱ्यांनी शरीराचे तुकडे गोळा करून अंत्यविधी केला, असे परंपरा सांगते. तो कोणी केला ह्याविषयी गावात दोन कथा आहेत. एकीप्रमाणे ते धैर्य महार जातीच्या गोविंद गोपाळ ह्यांनी केले. दुसरीप्रमाणे शिवले घराण्याच्या पूर्वजांनी. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस गोविंद गोपाळ ह्यांच्या समाधीजवळील फलकावरून तंटा झाला, आणि १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे दंगल उसळून एका तरुणाचा प्राण गेला. ज्या कथेत मेलेल्यास हात लावण्याचे भय नाहीसे होते, तिच्यावरून जिवंत माणसे एकमेकांवर दगड घेऊन धावली, हे पाहून आम्हांस फार खेद होतो. दोन्ही कथा एका गोष्टीविषयी एकमत आहेत: ते हात कोणा सरदाराचे नव्हते, गावकऱ्यांचे होते.

कोरेगावच्या खांबावर १८१८ सालच्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' हा प्रत्यय असलेली महारांची नावे आहेत, आणि ती वाचावयास डॉ. आंबेडकर १९२७ साली तेथे गेले. शिपायाचे नाव दगडावर येते, कारण फौजेजवळ यादी असते. प्रेत उचलणाऱ्याची यादी कोण ठेवितो? जुन्या गावगाड्यात मर्तिकाची बातमी परगावी नेणे व सरणाची लाकडे पोहोचविणे ही महाराकडे लादलेली कामे होती. ती चुकली तर त्यास मार बसे, आणि केली तर कोणी आभार मानीत नसे. १६८९ च्या त्या दिवसांत मात्र हे काम करावयास कोणी सांगितले नव्हते. उलट, न करण्यातच जिवाची खैर होती.

फाल्गुनी अमावास्येस अद्यापही वढूस दूरदूरचे लोक जमतात. राजाची समाधी आणि गोविंद गोपाळ ह्यांची समाधी एकाच गावात आहेत. दोघांची नावे एका नामावळीत आलेली मात्र आमच्या पाहण्यात नाहीत.