सम्मा वाचा आणि सरकारी गुपित





चौथे शील आपण सगळेच घेतो: खोटे बोलणार नाही. पण खरे कधी बोलायचे आणि कधी गप्प राहायचे? ताइफमध्ये राहणाऱ्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. इथे किंग फहद हवाई तळ आहे, अल् हदाचे सैनिकी रुग्णालय आहे. कामावर पाहिलेले बाहेर सांगू नये, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असते. मग प्रत्येक गुपित सारखेच का? आणि गुपित फोडणारा प्रत्येक जण सत्याचीच सेवा करतो का?

त्यासाठी आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे प्रकरण पाहा. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘द क्विंट’च्या पत्रकार पूनम अग्रवाल यांनी तिथल्या लष्करी छावणीतील ‘सहायक’ पद्धतीचे छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण प्रसिद्ध केले. देशाच्या रक्षणासाठी भरती झालेला जवान साहेबांचा कुत्रा फिरवतो, त्यांच्या मुलांना शाळेत सोडतो, हे त्यात होते. जवानांचे चेहरे धूसर केलेले होते. तरीही काही दिवसांतच, २ मार्चला, त्यातला केरळचा एक जवान देवळालीत मृतावस्थेत आढळला. पुढे पत्रकारावर १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली आणि आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपाखाली गुन्हा नोंदवला गेला. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

कायद्याचा प्रश्न तिथे संपला. धम्माचा अजून शिल्लक आहे.

आधी गुपिताकडे पाहू. साहेबांचा कुत्रा कोण फिरवतो, हे शत्रूला कळल्याने सीमा धोक्यात येत नाही. माणसांना जपणारे गुपित वेगळे आणि लाज झाकणारे गुपित वेगळे. रुग्णाचा आजार, तुकडीच्या हालचाली ही पहिल्या प्रकारची गुपिते. ती पाळणे ही करुणाच आहे. दुसऱ्या प्रकारच्या गुपिताला धम्मात आधार नाही. ज्यांना बोलू दिले जात नाही त्यांचे दुःख छापायचे, यासाठीच बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला होता.

आता बोलणाऱ्याकडे पाहू. अभयराजकुमार सुत्तात भगवंत राजपुत्राला विचारतात की, तुझ्या मांडीवरच्या बाळाने तोंडात खडा घातला तर काय करशील? राजपुत्र सांगतो, रक्त आले तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया आहे. म्हणून तथागतही सत्य आणि हितकारक असेल ते, ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी, योग्य वेळ पाहून बोलतात.

या उपमेत एक गोष्ट सहज निसटते. खडा ज्याच्या तोंडात, रक्त त्याचेच येते. देवळालीत खडा व्यवस्थेच्या घशात होता आणि जीव गेला एका जवानाचा. त्याच्या मनात काय चालले होते ते आपण ठरवू नये. पण छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्याला आपण साऱ्या जगाशी बोलतो आहोत हे ठाऊक नसते. चेहरा झाकला तरी आवाज राहतो, खोली राहते, आणि छावणीतले लोक एकमेकांना ओळखतात.

मग ती बातमी द्यायलाच नको होती का? तसे म्हणता येत नाही. गप्प राहिल्यानेही कोणीतरी सोसतच असते. फक्त ते दिसत नाही. पण चेतना शुद्ध असली म्हणजे काम संपले, असेही नाही. चेतनेला अप्पमादाची, म्हणजे जागरूकतेची, जोड लागते. सत्याची किंमत मोजावी लागणार असेल, तर ती कोण मोजणार हे आधी पाहावे. ती आपल्याऐवजी आपल्याहून दुबळ्या माणसावर पडणार असेल, तर निदान त्याला तसे सांगावे, त्याची संमती घ्यावी.

तुम्ही पत्रकार नसाल, पण तुमच्या हातात फोन आहे. लेबर कॅम्पमधल्या हालांचा व्हिडिओ पुढे पाठवताना चार प्रश्न विचारा. हे खरे आहे का? याने कोणाचे भले होईल? ही वेळ योग्य आहे का? आणि यात दिसणारा भाऊ उद्या कामावर गेला की त्याचे काय होईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर पाठवण्याआधी त्या भावाला फोन करा.

जय भीम.