वाकळेच्या दोन बाजू

आमच्या माणदेशात गोधडीला वाकळ म्हणतात. वाकळ शिवायला कुणी कागदावर आखणी करत नसे. उन्हाळ्यात रानातली कामं उरकली की अंगणात जुनं लुगडं अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, मधे धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे पसरायचे, वरून दुसरं लुगडं घालायचं आणि कडेनं धावदोरा घालत घालत आत सरकायचं. नऊवारी लुगडं म्हणजे २७ फूट कापड. चार सारखे भाग केले की एकेक पावणेसात फुटांचा, माणसाच्या लांबीला पुरेसा. रुंदीला दोन जोडायचे. पण कुठलं कापड कुठं, याचा नेम पक्का होता. रंगानं टिकलेलं वर. फाटकंतुटकं पोटात. आणि धुऊन धुऊन विरलेलं खाली, अंगाच्या बाजूला. कारण तेच मऊ लागतं.

अक्काची लेक पुण्यात कापडावरच्या नक्षीकामाचं शिकते. आई गेल्यावर तिनं आजीच्या लुगड्यांची वाकळ करायची ठरवली. तिच्या शिक्षणाप्रमाणे आधी विषय ठरला : शिवार. मग चौकटीच्या कागदावर आखणी. मधे आईच्या हिरव्या इरकलीचा मोठा चौकोन, भोवती खणांचे त्रिकोण आणि त्यांना जुळणारी तीन नवी छापील कापडं. एकावर ज्वारीचं मोठं कणीस, दुसऱ्यावर बारीक दाणे, तिसऱ्यावर पाभरीच्या ओळींसारख्या रेघा. "मामा, रंग तेच तीन ठेवायचे, पण नक्षी एक मोठी, एक मधली, एक बारीक. म्हणजे कापडं एकमेकांशी भांडत नाहीत." मला हे पटलं. घरालाही लागू पडावं असं होतं.

शेत कापडावर उतरवणं तसं जुनंच. विनयपिटकात कथा आहे. मगधातली भातखाचरं आणि त्यांचे बांध बघून बुद्धांनी आनंदाला विचारलं, भिक्खूंचं चीवर असं करता येईल का? आनंदानं खाचरांसारखे तुकडे कापून, बांधांसारख्या शिवणी घालून ते केलं. कापून जोडलेल्या वस्त्राचा कुणाला लोभ सुटू नये, हाही त्यात हेतू होता. तेव्हा आखून शिवण्यात काही वावगं नाही. अडलं ते दुसरीकडेच.

भर घालायला म्हणून आईची एक जुनी वाकळ उसवली, तर तिच्या पोटातून एक विटलेलं लुगडं निघालं. पदर जाळीसारखा झालेला. अक्कानं हात लावला आणि ती खालीच बसली. १९७२ च्या दुष्काळात आई पाझर तलावाच्या कामावर मातीच्या पाट्या वाहायची, तेव्हाचं ते लुगडं. पदराची चुंबळ करून करून तो असा विरला होता. मी तेव्हा झोळीतला. अक्काला मात्र सगळं आठवतं, सुकडीची चवसुद्धा.

भाचीनं त्याच रात्री कागद बदलला. कणीस गेलं, दाणे गेले. मधे हा पदर, भोवती मातीचे रंग. "आजीची खरी गोष्ट हीच आहे," ती म्हणाली.

अक्का एवढंच बोलली, "आईनं ते पोटात घातलं हुतं. दाखवायचं असतं तर तिनं वर नसतं का घातलं?"

दोघींचं म्हणणं मी बरेच दिवस घोळवत राहिलो. भाचीचं खोटं नव्हतं. नुसती इरकल आणि कणसं लावली तर बघणाऱ्याला वाटणार, ही बाई सणासुदीतच जगली. जुळत नाही म्हणून कापड वगळलं की त्या कापडातले दिवसही वगळले जातात. पण अक्काचंही खरं. आईनं ज्याचा कधी उच्चार केला नाही, ते तिच्यामागं भिंतीवर टांगायचा हक्क कुणाला? आपण पोटभर जेवलेली माणसं. आपल्याला ती जाळी देखणी दिसते. ज्यांनी चुंबळ केली, त्यांना ती देखणी दिसली नसणार. आणि आईनं ते लुगडं जाळलंही नाही, बोहारणीलाही दिलं नाही. झाकलं, पण जपलं. हे झाकणं म्हणजे लाजच, असं मला म्हणवत नाही. पाहुण्यांना न सांगण्याच्या आणि लेकरांपासून न तोडण्याच्या गोष्टी वेगळ्या असतात.

मी भाचीला म्हणालो, तुझ्या कागदावर एकच बाजू आहे. वाकळेला दोन असतात. एक लोकांनी बघायची, एक अंगाला लागायची. ते लुगडं खाली घाल. पांघरेल त्याला ते लागेल, आणि विचारलं तर सांगता येईल.

तिनं आधी कामातलीच अडचण काढली. नवं कापड धुतल्यावर आटतं आणि जुन्या सुताला ओढून फाडतं. मग नवी छापील कापडं दोनदा धुऊन आटवून घ्यायचं ठरलं आणि विरलेल्या पदराला आतून मलमलीचं अस्तर. वर पुन्हा कणीस आलं. अक्कानं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुपारी बघितलं तर चष्मा लावून ती त्या पदराच्या बाजूनं टाके घालत होती, अगदी जवळजवळ.

कोपऱ्यात १९७२ हा आकडा विणावा, असं भाचीच्या मनात आहे. अक्का म्हणते, आकडा कशाला, तोंडानं सांग. त्यावर दोघींचं अजून एकमत नाही. माझं मत अक्काकडे झुकतं. आकडा वाचून माणूस पुढं जातो. सांगायचं म्हटलं तर शेजारी बसावं लागतं.