पाट, परवाना आणि यंत्र

कोरेगाव तालुक्यात धोम धरणाच्या कालव्याचे पाणी येते, तेव्हा ज्याचे रान पाटाला लागून आहे त्यालाही चारीचे दार स्वतः उचलण्याची मुभा नसते. सात नंबरचा अर्ज भरावा, मंजुरी मिळावी, पाळी यावी आणि मग पाटकऱ्याने दार उघडावे, असा तिथला दस्तूर आहे. वरच्यांनी मनमानी केली तर टेलचे शिवार कोरडे पडते, म्हणून हा दस्तूर न्याय्य ठरतो. आणि संगणकात प्रोग्रॅम व प्रत्यक्ष यंत्र यांच्यामध्ये ऑपरेटिंग सिस्टिम जी सीमा आखते, तिचे प्रयोजनही हेच आहे.

डॉसच्या अमदानीत ही सीमा जवळजवळ नव्हतीच. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टातील दुसऱ्या पिनेला रेझिस्टर लावून एक एलईडी जोडावा, त्याचे दुसरे टोक ग्राउंडला द्यावे आणि टर्बो सीमधून 378 या हेक्साडेसिमल पत्त्यावर 1 हा अंक धाडावा, की दिवा लागे. आपण लिहिलेल्या अंकाचे विजेत झालेले रूपांतर विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसे. परंतु जी मोकळीक विद्यार्थ्याला, तीच उपद्रव्यालाही होती. 26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच या व्हायरसने विंडोज 95 आणि 98 वर चालणाऱ्या अनेक संगणकांतील, यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम जपणारी बायोस चिप पुसून ती यंत्रे निकामी केली. विंडोज एनटीवर मात्र त्याची मात्रा चालली नाही.

कारण इंटेलने 1982 च्या 80286 प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या ज्या चार पायऱ्या घातल्या होत्या, त्यांपैकी दोहोंचा अंमल एनटीने कसोशीने केला: सामान्य प्रोग्रॅमने पोर्टाला हात घातला की प्रोसेसर ती आज्ञा नाकारतो, आणि ड्रायव्हरखेरीज वाट उरत नाही. पुढे 64-बिट विस्टापासून त्या ड्रायव्हरवरही स्वाक्षरीची सक्ती आली. लिनक्सने निराळी तजवीज केली. तेथे रूट वापरकर्ता ठरावीक पोर्टांचा परवाना कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागू शकतो, आणि एखादे उपकरण विशिष्ट गटाच्या स्वाधीन करण्याचा नियमही यंत्राच्या मालकाला लिहिता येतो.

मला लिनक्सची ही दुसरी रीत अधिक श्रेयस्कर वाटते. महाराष्ट्राने 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना मोजून पाणी देऊन आतील वाटप शेतकऱ्यांकडे सोपवले, त्यात पहाऱ्याचा त्याग नव्हता, हक्काची मान्यता होती. यंत्राच्या बाबतीतही बंदोबस्त असावाच, पण अर्जाची वाट उघडी, लेखी आणि मालकाच्या आवाक्यातली असावी. ज्याने यंत्र विकत घेतले त्यालाच त्याचे अंतरंग कायमचे निषिद्ध करणे म्हणजे रक्षणाच्या नावाखाली मिरासदारी प्रस्थापित करणे होय.

आज प्रिंटरचा पोर्ट दुर्मीळ झाला, तरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या चाळीस पिना उपलब्ध आहेत. तालुक्यांतील शिक्षकांनी एकच दिवा विद्यार्थ्यांकडून एकदा थेट रजिस्टरवर लिहून आणि एकदा कर्नलच्या परवान्याने लावून घ्यावा. सत्ता कोठे असते आणि तिला मर्यादा का हवी, हे त्यांना पाठ्यपुस्तकावाचून कळेल.