हरीण न मिळालेल्या दिवशी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. नऊ दिवसांचा. तिथे नोकरीला गेलेला मराठी माणूस पहिल्या वर्षी जरा चक्रावतो. ऑफिसात बऱ्याच खुर्च्या रिकाम्या, पेट्रोल पंपावर भडक नारिंगी जॅकेटं घातलेली माणसं, एखाद्या पिकअपच्या मागे आडवं पडलेलं हरीण. सुट्टीवरून परतलेल्या सहकाऱ्याला ‘काय, मिळालं का?’ विचारलं, तर उत्तर येतं, ‘नाही, पण मजा आली.’ आणि त्याला जोडून, ‘मी काही मारण्यासाठी जात नाही, अनुभवासाठी जातो.’

आपल्याला हसू येतं. अरे बाबा, मग बंदूक कशाला? दुर्बीण ने, थर्मास ने.

प्रश्न रास्त आहे. पण आपण तो इतक्या घाईने विचारतो की उत्तर ऐकायचं राहून जातं. या हंगामासाठी परवाना काढणारे साडेपाच लाखांच्या घरात असतात आणि अलीकडच्या वर्षांत नऊ दिवसांत मारली गेलेली हरणं दोन लाखांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं रिकाम्या हाताने घरी येतात. पुढच्या वर्षी पुन्हा जातात. नुसतं मारायचंच असतं तर इतका आतबट्ट्याचा व्यवहार कुणी दरवर्षी केला नसता.

ती माणसं तिथे करतात काय? पहाटेच्या अंधारात झाडावरच्या मचाणावर चढून बसतात. पारा बहुतेकदा शून्याच्या खाली. वारा आपल्याकडून हरणाच्या वाटेकडे वाहत नाही ना, हे आधी बघायचं. कारण पांढऱ्या शेपटीच्या या हरणाला माणूस दिसायच्या आधी त्याचा वास लागतो. मग हलायचं नाही. खोकला दाबायचा. तासाभराने जंगल तुमची दखल घेणं सोडून देतं. पाचोळ्यात खसखस होते, छाती धडधडायला लागते, आणि निघते खार. पुन्हा खसखस, पुन्हा खारच. फोन खिशात असतो, पण तो काढण्याएवढी हालचालही महागात पडू शकते. सलग सात-आठ तास एकाच गोष्टीकडे कान आणि डोळे. तुम्ही-मी हे शेवटचं कधी केलं होतं?

‘मृगया’ या शब्दाच्या मुळाशी शोधणं आहे, मारणं नाही. मराठीत मात्र आपण फारसीतून आलेला ‘शिकार’ वापरतो, आणि त्याची गंमत अशी की ‘शिकारीला गेला’ म्हणजे ते सगळं हिंडणं-बसणं आणि ‘शिकार मिळाली’ म्हणजे मेलेलं जनावर. एकाच शब्दात दोन्ही कोंबलेलं. विस्कॉन्सिनचा तो सहकारी हे दोन अर्थ सोडवून वेगळे करू बघतोय.

ते वेगळे होत नाहीत, असं स्पॅनिश तत्त्वचिंतक होसे ऑर्तेगा ई गासेत सांगतो. 1942 मध्ये लिस्बनला असताना त्याने एका शिकारी मित्राच्या पुस्तकाला लांबलचक प्रस्तावना लिहिली. ती पुढे मूळ पुस्तकापेक्षा जास्त वाचली गेली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शिकारी मरणासाठी आसुसलेला नसतो, पण मरणाची शक्यता काढून टाकली तर त्याची ती टोकदार सावधताही उरत नाही. कॅमेऱ्याने केलेली शिकार त्याला लटकी वाटायची.

मनाचं वर्णन म्हणून मला हे पटतं. समर्थन म्हणून पटत नाही. मांसासाठी हरीण मारणाऱ्याकडे निदान सरळ उत्तर असतं: खाल्लं, फ्रीझर भरला. हरणं फार वाढली तर शेताचं आणि जंगलातल्या कोवळ्या रोपांचं नुकसान होतं, हेही उत्तर आहे, आणि तिथे ते खोटं नाही. पण ‘अनुभवासाठी जातो’ म्हणणारा ही दोन्ही कारणं आपल्याच हाताने बाजूला सारतो. मग उरतं काय? धार माझ्या मनाला लागायची आणि सहाण व्हायचं हरणाने. ज्याला आपण अधिक सुसंस्कृत शिकारी समजतो, त्याच्याकडेच हरणाला द्यायला सगळ्यात कमी कारण असतं.

म्हणून तो खोटारडा ठरतो असं नाही. त्याचं म्हणणं तपासायची एक जागा आहे: संध्याकाळची शेवटची पंधरा मिनिटं. दिवसभर काही आलेलं नाही आणि आता येतं. झाडाआड अर्धं, उजेड कमी, कोन वाईट. गोळी पोटात बसली तर ते पळेल आणि कुठेतरी दलदलीत तासन् तास मरत राहील. अनुभवच हवा होता तर तो मिळालेला आहे, अगदी पुरेपूर. चापावरचं बोट काढायला त्याच्याइतकं मोकळं दुसरं कुणी नाही. तरीही त्याने बार काढला, तर मग सकाळपासूनचं सगळं तत्त्वज्ञान बंदुकीच्या दस्त्यावरची नक्षी होती, एवढंच.

कालिदासाच्या शाकुंतलाची सुरुवात अशाच पाठलागाने होते. तपस्वी आडवे येतात, हे आश्रमाचं हरीण आहे म्हणतात, आणि दुष्यंत चढवलेला बाण उतरवतो. दुसऱ्या अंकात सेनापती शिकारीचे फायदे मोजतो: पोट उतरतं, अंग हलकं होतं, जनावरांची मनं कळतात, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो. मांसाचं नावही त्या यादीत नाही. (आजच्या जिमच्या जाहिरातीत खपून जाईल.) पण राजाचा शब्द खरा वाटतो तो या यादीमुळे नाही, उतरवलेल्या बाणामुळे.

भारतात 1972 च्या कायद्यानंतर बंदूक गेली, आता आपल्याकडे सफारीची जिप्सी आहे. ‘वाघ दिसला का?’ ‘छे, पैसे वाया.’ इथे कुणी मरत नाही, हा फरक लहान नाही. पण रिकाम्या हाताने मजेत घरी येणं मात्र यांना त्या नारिंगी जॅकेटवाल्याकडून शिकता येईल.

आणि बार निघालाच तर? मग ‘मारणं माझ्यासाठी महत्त्वाचं नाही’ हे वाक्य त्याला बोलता येत नाही. त्या क्षणापासून तीच एक गोष्ट महत्त्वाची, हरणासाठी तर नक्कीच. त्यामुळे ज्याला मारण्यात रस नाही त्याचा नेम इतरांपेक्षा पक्का असायला हवा, सराव जास्त हवा. जखमी हरणामागे टॉर्च घेऊन पाचोळ्यावरचे रक्ताचे थेंब शोधत रात्री उशिरापर्यंत फिरणारे शिकारी तिथे आहेत. सकाळी पुन्हा जातात. नाहीच सापडलं, तर त्यांतले काही जण उरलेला हंगाम बंदुकीला हात लावत नाहीत. कायदा तसं सांगत नाही. आपल्या वाट्याचं हरीण आपण मारलं, असं ते धरून चालतात.