अर्धे तिकीट

दिवाळीच्या दिवसांत, चकलीचे ताट समोर असताना, कुणापुढे हिशेबाची वही उघडू नये, एवढा शिष्टाचार मलाही ठाऊक आहे. तरी आज तो मोडतो. मी पेशाने शाळामास्तर, शिक्षणाने मॅट्रिक, आणि चार कादंबऱ्या छापून आल्या म्हणून लोकांच्या लेखी लेखक. कादंबरी मी अधूनमधून लिहितो. हिशेब मात्र रोज लिहितो. त्या वह्यांत ‘संमेलन’ अशा मथळ्याची काही पाने आहेत. घराची झाडलोट करताना ती हाती लागली आणि झाडू जागच्या जागी राहिला.

पहिले पान २००८ सालचे. त्या जानेवारीत साहित्य संमेलन आमच्या सांगलीतच भरले होते, अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर, म्हणजे घरचेच माणूस. लग्नाला वर्ष झाले नव्हते. पानावर लिहिले आहे : रिक्षा, तीन पुस्तके, दोन भेळ. पुढची पाने चिपळूण (२०१३), सासवड (२०१४), पिंपरी-चिंचवड (२०१६). या पानांवर काटकसरीचे मोठे शास्त्र आहे. रात्रीची एस.टी. धरावी म्हणजे एका मुक्कामाचे भाडे वाचते. सोबत दशम्या घ्याव्यात. सहशिक्षकाच्या मावसभावाकडे उतरावे आणि त्याच्या मुलांसाठी पेढे न्यावेत, ते लॉजपेक्षा स्वस्त पडतात. हे सारे वाचून मी स्वतःवर खूश होत होतो. मग एकदम लक्षात आले, की ‘दोन’ हा आकडा पहिल्या पानानंतर पुन्हा कुठेच नाही. एक तिकीट, एक चहा, एक राइसप्लेट.

आमच्या घरी माझ्यापेक्षा चोखंदळ वाचक कोण, असे कुणी विचारले तर मला सौ.चेच नाव घ्यावे लागेल. माझ्या दुसऱ्या कादंबरीची शेवटची चाळीस पाने तिने ‘ही तुम्हाला लिहायची होती म्हणून लिहिलीत’ एवढे म्हणून परत दिली होती, आणि ती मी काढून टाकली. अशा बाईच्या वाट्याला अठरा वर्षांत एक संमेलन, तेही घरापासून रिक्षाच्या अंतरावर भरले म्हणून!

२०२५ च्या फेब्रुवारीत संमेलन दिल्लीला झाले. अध्यक्षपदी सांगलीच्याच ताराबाई भवाळकर. पुण्याहून रसिकांसाठी खास रेल्वे निघाली, धावत्या गाडीतही संमेलन रंगले. मी गेलो नाही. दहावीची परीक्षा त्याच आठवड्यात सुरू होत होती आणि रजा तिकिटापेक्षा महाग पडली असती. घरी बसून ताराबाईंचे जुने लेखन वाचत होतो. त्यांचे आयुष्य लोकसाहित्याच्या अभ्यासात गेले. जात्यावरच्या ओव्यांत पंढरी किती वेळा येते, हे आपण सारेच जाणतो. पण ती ओवी गाणारीला पंढरी प्रत्यक्षात किती वेळा घडली असेल? हा प्रश्न मनात आला आणि तो थेट माझ्या आजीपाशी जाऊन थांबला.

माझे आजोबा फलटणकडचे, वारकरी. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करीत फलटणला आली, की ते तिच्यात सामील होत; तिथून बरड, नातेपुते, माळशिरस अशी वाट. वारीला पैसा लागत नाही, असे ते अभिमानाने सांगत, आणि ते खरेच होते. तिकीट नाही, भाडे नाही. गावोगावचे लोक भाकरी घालतात, रात्री कुणाच्या तरी ओट्यावर पथारी पडते. हजारो माणसे एकत्र यावीत आणि गरिबाला गरीब म्हणून मागे राहावे लागू नये, याची इतकी चांगली व्यवस्था मला दुसरीकडे दिसलेली नाही. मात्र आषाढ म्हणजे पेरणीचे दिवस. घरी दोन म्हशी. त्यांच्या धारा, शेण, वैरण आणि उरलेली पेरणी आजीकडे. आजोबा परतले की आजी त्यांच्या पायांवर पाणी घाली, डोके टेकी. पंढरी पाहून आलेल्या माणसाला नमस्कार करायचा, ही आपली रीत. आजोबा म्हणत, ‘वारी दोघांची झाली.’ लहानपणी मला ते वाक्य फार आवडे. आता ते माझ्या घशाशी अडते.

पुण्य वाटून घेता येते, असे आपले शास्त्र सांगते. त्यावर वाद घालायचा माझा अधिकार नाही. पण पाहिलेले वाटून कसे घ्यायचे? वाखरीच्या माळावर आजोबांना जे दिसले त्यातला अर्धा भाग आजीला कोणत्या वाटेने पोचला? ‘दोघांची झाली’ हे जाणाऱ्याला सोयीचे वाक्य आहे. ते म्हटले, की मागे राहिलेल्याचे देणे फिटल्यासारखे वाटते. मीही संमेलनाहून परतलो, की रात्री दोन तास सौ.ला सारे रंगवून सांगत असे, आणि मनात तेच म्हणत असे.

कुणी म्हणेल, ती राजीखुशीने राहत होती ना? मग अन्याय कसला? हा मुद्दा मी हलका मानीत नाही. तिला विचारले असते, तर ती ‘तुम्ही जा’ म्हणालीच असती. पण मी विचारले कधी? मी तारीख सांगत आलो. ज्या प्रश्नाचे दुसरे उत्तर शक्यच नाही अशी घराची रचना आहे, त्या प्रश्नाच्या उत्तराला संमती म्हणावे की नाही, याचा निवाडा मला अजून करता येत नाही. एवढे मात्र दिसते, की पाळीपाळीने गेलो असतो तर हा प्रश्न निघालाच नसता.

इथे महात्मा फुल्यांची आठवण होते. त्यांचे मूळ गाव आमच्या सातारा जिल्ह्यातले कटगुण, पण राहणे पुण्याचे. १८८५ साली ग्रंथकारांची सभा पुण्यातच भरली आणि निवडक लोकांना आमंत्रणे गेली. फुल्यांनी पत्र लिहून नकार कळवला. तिथे ना गाडीभाड्याचा प्रश्न होता, ना मुक्कामाचा; चालत जाता आले असते. तरीही अंतर होते, आणि ते कोसांत मोजण्याचे नव्हते. ‘प्रवेश विनामूल्य’ ही पाटी मला मनापासून आवडते, संयोजकांना त्याबद्दल दुवाच द्यावा. पण ती वाचायला मांडवाच्या दाराशी पोचावे लागते.

असो. २०२६ च्या १ ते ४ जानेवारीला नव्व्याण्णवावे संमेलन साताऱ्यात भरले, विश्वास पाटील यांच्या अध्यक्षतेखाली. साताऱ्याला हा मान १९०५, १९६२ आणि १९९३ नंतर चौथ्यांदा. सांगलीहून सव्वाशेएक किलोमीटर. रेल्वे आहे, पण साताऱ्याचे स्टेशन माहुलीच्या अंगाला, गावापासून दूर, तेव्हा एस.टी. बरी. मी सौ.ला म्हटले, “या वेळी तू चल. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धे तिकीट आहे. दोघांचे मिळून दीडच पडेल.”

“अहो, तिकिटाचं कोण बोलतंय?” ती म्हणाली. “आईंना कुणापाशी ठेवायचं?”

माझ्या आईचे खुब्याचे हाड आदल्या वर्षी मोडले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. २०२२ पासून फुकट आहे; पण तिला न्हाणीघरापर्यंत न्यायलाच दोन हात लागतात.

आमच्या वाचनालयात एक गवंडी येतो. त्याने मराठी कादंबरीचे कपाट दोनदा संपवले आहे. मी त्याला म्हटले, तिकीट मी काढतो, तू चल. तो संकोचाने हसला. “मास्तर, तिकिटाला पैसं हाईत की. शनवारी स्लॅब पडायचा हाय.” त्याच्या घरी पाळी कुणाशी लावायची? त्याचा दिवस त्याने आधीच कुणाला तरी विकलेला होता. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

माझ्या घरापुरते मात्र होते. शनिवारी, ३ तारखेला, सौ. शेजारच्या दोघींबरोबर पहाटेच्या एस.टी.ने गेली आणि मी आईपाशी राहिलो. वाटले होते, आपण काही थोर करीत आहोत. आठचे औषध मी नऊला दिले. दूध उतू गेले. भाकरी फुगली नाही. आईने दहीभात खाल्ला आणि काही बोलली नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. दुपारी चारला, आता मांडवात परिसंवाद रंगला असेल, हे आठवून मी उंबऱ्यावर बसलो. खोटे कशाला सांगू, मला समाधान वाटले नाही, राग आला. कुणावर, ते कळेना. आजीला दर आषाढात असा राग येत असेल का, हे विचारायला आता आजी नाही.

रात्री साडेदहाला सौ. आली. पिशवीत पाच पुस्तके. त्यातले एक गवंड्यासाठी. मी अधीर होऊन विचारले, “काय काय झालं? कोण काय बोललं?”

“मागं जागा मिळाली, नीट ऐकू येत नव्हतं. पुस्तकांतच वेळ गेला.” ती पाय चेपीत होती.

“तरी?”

“उद्या सांगते. दमलेय मी.”

दुसऱ्या दिवशी तिने थोडे सांगितले. मग आठवड्याने, तांदूळ निवडताना, आणखी थोडे. ती माझ्यासारखे रंगवून सांगत नाही. काही सांगितलेच नाही, असेही मला वाटते.

वहीत त्या दिवसाचे पान तिच्या अक्षरात आहे : अर्धे तिकीट जाण्याचे, अर्धे येण्याचे, पुस्तके पाच, भेळ एक. पुढचे संमेलन शंभरावे. त्याला कोण जाणार, हे आमच्या घरी अजून ठरलेले नाही.