निरभ्र आकाश आणि न दिसणारा भोंवरा

जो धोका कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं, त्याबद्दल कोणास दोषी ठरवावें काय? हा प्रश्न इ. स. १९६६ सालीं मार्चच्या ५ व्या तारखेस जपान देशांत घडलेल्या एका गोष्टीवरून उत्पन्न होतो, व त्याचा विचार आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

त्या दिवशीं दोन प्रहरीं बी. ओ. ए. सी. नांवाच्या ब्रिटिश कंपनीचें एक मोठें बोइंग विमान तोकियो शहराहून हाँगकाँगकडे निघालें. त्यांत ११३ उतारू व ११ कामदार होते. आकाश निरभ्र होतें. मुख्य वैमानिकानें फूजी पर्वताच्या बाजूनें, यंत्रांवर न विसंबतां डोळ्यांनीं पाहत वर चढण्याची परवानगी मागितली, व ती त्यास मिळाली.

जे नदीकांठीं राहतात त्यांस ठाऊक आहे कीं, ओघांत मोठा खडक असला म्हणजे त्याच्या खालच्या अंगास भोंवरे पडतात. वाऱ्याचेंही तसेंच आहे. फूजी पर्वत ३,७७६ मीटर उंच असून एकटाच उभा आहे. त्या दिवशीं शिखरावर ताशीं ११० ते १३० किलोमीटर वेगाचा वारा होता, आणि पर्वताच्या आडोशास हवेचे प्रचंड हेलकावे उठले होते. पाण्यांतला भोंवरा दिसतो; निरभ्र हवेंतला दिसत नाहीं. सुमारें ४,९०० मीटर उंचीवर विमान त्यांत सांपडून भंगलें, व १२४ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. सहलीस आलेल्या एकाच मंडळींतलीं २६ जोडपीं गेलीं, व त्यांचीं ६३ मुलें पोरकीं झालीं.

हें ऐकून कित्येक म्हणतात, "होणारें टळत नाहीं." दुसरे म्हणतात, "वैमानिक पर्वताजवळ गेलाच कां?" पहिलें उत्तर मानून चौकशी करणारे स्वस्थ बसते, तर कोणी कांहींच शिकला नसता. दुसरें उत्तरही न्यायाचें नाहीं. त्या माणसानें परवानगी घेतली होती, स्वतःचा जीवही त्याच विमानांत ठेविला होता. आणि विमान जेवढा मारा सोसावा म्हणून बांधिलें होतें, त्याहून वाऱ्याचा मारा फार अधिक होता, असाच चौकशीचा निर्णय झाला.

मग सत्य कसें कळलें? एका मृत उतारूनें घेतलेलीं चलच्चित्रें अवशेषांत सांपडलीं. शोधास गेलेल्या अमेरिकन नौदलाच्या लहान विमानासही तेथेंच असे हिसके बसले कीं, तें आतां फुटतें असें त्याच्या वैमानिकास वाटलें. त्यानें सुखरूप परत येऊन तें सांगितलें. अशा साक्षींनीं अदृश्य शत्रूचें रूप उघड झालें.

यावरून आमचें मत असें आहे: अज्ञान हा अपराध नव्हे, परंतु कळल्यावर मौन धरणें हा अपराध होय. ज्यास उताराजवळचा डोह ठाऊक आहे, आणि जो परक्या वाटसरूस पाण्यांत शिरतांना पाहून उगाच राहतो, त्यास आम्ही निर्दोष म्हणूं शकत नाहीं. म्हणून आपल्या गांवीं कांहीं अनर्थ घडला, तर प्रिय वाचकांनीं "दोष कोणाचा?" असें विचारण्यापूर्वीं स्वतःस विचारावें: मला काय ठाऊक होतें, आणि तें मीं कोणास सांगितलें?